सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा नॉब तुटला: चिकटवायचा, नवीन घ्यायचा की टायमरच बदलायचा?

मागचा_व्हरांडा

सात किलोचं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. वरच्या पॅनेलवर तीन नॉब: डावीकडे वॉश टायमर (१५ मिनिटं), मधे ड्रेन, उजवीकडे स्पिन टायमर (५ मिनिटं). स्पिनचा नॉब नुसता गोल फिरतोय, आतली दांडी फिरत नाही. काढून बघितला तर मागची नळी उभी चिरलेली दिसली. पक्कड धरून दांडी फिरवली की स्पिनर व्यवस्थित चालतो, म्हणजे टायमर शाबूत असावा. ड्रेनचा नॉब गेले काही महिने फार जड झाला होता आणि आता त्याचा धरायचा कान तुटला आहे.

दुरुस्तीवाल्याने पूर्ण पॅनेल बदलायला सांगितलं आहे. ते खरंच लागेल का? स्पिनचा नॉब फेविक्विकने चिकटवला तर टिकेल का? सुटा नॉब मिळत असेल तर दुकानात नेमकं काय माप सांगायचं?

ओम_मीटर

पॅनेल बदलायची काहीही गरज नाही. पक्कडीने दांडी फिरवल्यावर स्पिनर चालतो, वेळ संपल्यावर आपोआप बंदही होतो, एवढं खरं असेल तर टायमर चांगला आहे आणि दोष फक्त प्लास्टिकच्या नॉबमध्ये आहे. मात्र पक्कडीने रोज फिरवू नका. बऱ्याच टायमरची दांडी प्लास्टिकची असते. पक्कडीचे दात तिचा सपाट भाग खातात, मग नवीन नॉबही तिच्यावर घसरतो. त्या अवस्थेला पोचलात की टायमर घेण्यावाचून इलाज नाही.

फेविक्विक त्या नळीवर टिकणार नाही. नळी कुठे चिरते ते नीट बघा. दांडी गोल नसते, एका बाजूने कापलेली, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असते. नॉब फिरवताना सगळा जोर डीच्या दोन कोपऱ्यांवर येतो आणि नळी तिथूनच फाकते. फेविक्विकचा सांधा काचेसारखा कडक होतो. सरळ ओढ तो सोसतो, पण फाकवणारा जोर आणि पाणी त्याला सोसत नाही. दोनचार धुण्यांत तीच चीर पुन्हा उघडते.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. नॉब दांडीवर बसवून वरून फेविक्विक सोडायचा प्रकार सर्रास चालतो. तो द्रव पाण्यापेक्षा फार दाट नसतो, दांडीवरून ओघळून थेट टायमरच्या तोंडात जातो. मग दांडी जाम होते आणि काही रुपयांच्या नॉबपायी टायमर जातो. कुठलाही डिंक, कुठलाही गोंद मशीनवर बसलेल्या नॉबला लावायचा नाही. नॉब काढायचा, टेबलावर काम करायचं, पूर्ण वाळला की मगच बसवायचा.

पक्कड_पाना

सुटे नॉब मिळतात. वॉशिंग मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतात, ऑनलाइनही मिळतात. मॉडेल नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो घ्या. मॉडेलचा नॉब नसेल तर मापाने घ्यायचा. मापं अशी:

दांडीचा व्यास बहुतेक सेमी ऑटोमॅटिकमध्ये ६ मिमी असतो. सपाट बाजूपासून समोरच्या गोल बाजूपर्यंतची जाडी साधारण ४.५ मिमी. ही दोन्ही मापं व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या सरकत्या मापपट्टीने) घ्या, पट्टीने अर्धा मिलिमीटर कळत नाही आणि इथे अर्ध्या मिलिमीटरवरच सगळं अवलंबून आहे. मग पॅनेलच्या वर दांडी किती उंच येते ते मोजा. नॉबचा बाहेरचा व्यास मोजा, कारण पॅनेलवर त्याच्यासाठी गोल खळगा असेल तर मोठा नॉब कडेला घासेल.

आणि जे हमखास विसरलं जातं ते माप म्हणजे सपाट बाजूची दिशा. टायमर शून्यावर असताना दांडीची सपाट बाजू वर आहे, खाली आहे की डावीकडे, ते बघून ठेवा. भोक तंतोतंत जुळलं पण दिशा चुकली, तर नॉबवरचा बाण बंद असताना तीन मिनिटांवर उभा राहतो. घरातल्या दुसऱ्या कुणी तो बाण बघून नॉब उलटा ओढून शून्यावर आणायचा प्रयत्न केला की टायमरच्या आतल्या दात्यांवर ताण येतो. हे टायमर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायचे असतात.

पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा मिक्सरचा नॉब बसवू नका. भोक ६ मिमीचं जुळलं तरी दिशा आणि खोली जुळत नाही.

खटपट_खोली

दोघांचंही बरोबर आहे, पण जुना नॉब दुरुस्तही होतो आणि नीट केला तर नव्यापेक्षा पक्का होतो. ज्या मशीनचे भाग बाजारातून गेले आहेत त्यांच्यासाठी हाच मार्ग उरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नॉब काढण्याबद्दल. प्लग काढून ठेवा. नॉब घट्ट असेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पॅनेलला चीर जाते किंवा छापलेले आकडे खरवडतात. बुटाची नाडी नॉबच्या मागे एक वेढा देऊन घाला, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि सरळ वर ओढा. दोन्ही बाजूंना सारखा ताण बसल्यामुळे नॉब तिरका न होता निघतो. काढल्यावर नळीच्या आत पोलादी पत्तीची छोटी क्लिप आहे का बघा. नॉब दांडीवर आवळून धरायचं काम ती करते. ती आत गळून पडली असेल तर पॅनेल उघडून शोधून काढा, टायमरच्या टर्मिनलवर पडून राहिली तर शॉर्ट होईल.

आता प्लास्टिक ओळखा. नॉबच्या आतल्या बाजूला एबीएस किंवा पीपी (म्हणजे पॉलिप्रोपिलीन) अशी प्लास्टिकच्या प्रकाराची बारीक रोमन अक्षरं असतात. नसतील तर तुटलेला तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा, तुकड्याला बुडबुडे चिकटलेले राहू देऊ नका. बुडाला तर एबीएस असण्याची शक्यता जास्त, तरंगला तर पॉलिप्रोपिलीन. चकचकीत मुलामा दिलेले नॉब सहसा एबीएसचे असतात. हा फरक महत्त्वाचा, कारण एबीएसला इपॉक्सी (अ‍ॅरालडाइटसारखा दोन भाग मिसळून लावायचा गोंद) धरतो, पीपीला जवळजवळ कुठलाच गोंद धरत नाही.

साचा म्हणून टायमरची दांडी वापरायची नाही, वेगळी दांडी करायची. हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा असा बोल्ट आणा ज्याला डोक्याजवळ बिनआट्यांचा भाग आहे. तो भाग कानशीने एका बाजूने घासून जाडी ४.५ मिमी करा, किंवा तुमच्या दांडीची जी येईल ती. घासलेल्या जागेवर मेणबत्ती चोळा. गोंद धातूला चिकटू नये म्हणून मेण.

नळीचे तुकडे भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण सुकवा, बाहेरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि स्पिरिटने पुसा. साबणाच्या पावडरीचा थर प्लास्टिकवर बसलेला असतो, तो राहिला तर कोणताही गोंद सोलून निघतो. तुकडे बोल्टभोवती जुळवा. क्लिप असेल तर ती जागेवर बसवूनच जुळवा. त्यावर अर्धा मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचे सहा ते आठ वेढे घट्ट एकमेकांना लागून घ्या. मग अ‍ॅरालडाइटचे दोन्ही भाग सारखे काढून निदान दोन मिनिटं घोटा आणि तारेवर, तारेच्या खाली, नळी आणि नॉबच्या फासळ्यांच्या मधल्या जागेत भरा. पाच मिनिटांत वाळणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश वाळणारा घ्या. त्याला आत झिरपायला वेळ मिळतो आणि सांधा चिवट होतो. २४ तास हलवू नका. नंतर बोल्ट सरळ ओढून काढा.

जोर खरा तार सोसते. गोंद फक्त तार जागेवर ठेवतो. नळी फाकू द्यायची नाही, एवढंच साधायचं आहे.

मागचा_व्हरांडा

फारच उपयोगी माहिती. तुकडा पाण्यावर तरंगला, आत पीपी लिहिलेलंही सापडलं. मग काय करावं? एम-सील चालेल का?

खटपट_खोली

चालेल, पण चिकटण्याच्या भरवशावर नाही, अडकण्याच्या भरवशावर. नॉबच्या आत नळीला धरणाऱ्या तीन-चार फासळ्या असतात. त्यांना दीड मिमीच्या ड्रिलने आरपार भोकं पाडा, प्रत्येक फासळीला दोन. नळीला तार तशीच गुंडाळा आणि तारेचं टोक एका भोकातून ओवून पिळून टाका. मग एम-सीलचे दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळा आणि बोटाने दाबून त्या भोकांतून पलीकडे निघेल असं भरा. वाळल्यावर एम-सीलच्या खुंट्या भोकांत अडकून बसतात. सुटायचं म्हटलं तरी जागा नसते. तासाभरात हाताला कडक लागेल, तरी जोर एक रात्र गेल्यावरच द्या.

तुटलेला कान मात्र पीपीत जोडत बसू नका. ड्रेनचा नॉब नवीन घ्या.

तळपट्टी

ड्रेनचा नवीन नॉब आणायच्या आधी थांबा. तो जड का झाला हे कुणीच विचारलं नाही. कान कमकुवत होता म्हणून तुटला नाही, खाली व्हॉल्व्ह अडकलाय म्हणून तुटला. नवीन नॉबही तसाच तुटेल, किंवा नॉब टिकला तर आतली पट्टी तुटेल.

ड्रेनचा नॉब विजेचं काहीच करत नाही. तो फिरवला की पॅनेलखालचा कॅम (दांडीबरोबर फिरणारी, एका बाजूला फुगीर चकती) एक लांब प्लास्टिकची पट्टी वर ओढतो. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला वॉश टबाच्या तळाशी रबरी व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगने खाली दाबलेला. पट्टीने तो उचलला की पाणी जातं, सोडला की स्प्रिंग तोंड बंद करते. बोअरचं जड पाणी आणि पावडर यांचा पांढरा खर त्या रबराभोवती जमतो. त्यात धाग्यांचा गाळ, टाचणी, शर्टाचं बटण. मग व्हॉल्व्ह उचलायला दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा नॉबच्या कानावर येतो.

प्लग काढा, दोन्ही टब रिकामे करा, मशीन भिंतीपासून पुढे घ्या आणि मागचं झाकण काढा. काही मशीनला मागे कपॅसिटर असतो. त्याच्या टर्मिनलला हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. आता व्हॉल्व्हवरची पट्टी हाताने वर ओढून बघा. साधारण एक-दीड सेंटिमीटर वर यायला हवी आणि सोडल्यावर लगेच खाली बसायला हवी. अडकत वर येते, हळूहळू खाली जाते, असं असेल तर व्हॉल्व्ह साफ करायचा. पट्टी अगदी सहज हलते आणि तरी नॉब जड असेल तर दोष वर कॅममध्ये.

व्हॉल्व्हच्या डब्याचं गोल झाकण बहुतेक मशीनमध्ये हाताने पिळून निघतं. खाली फडकं ठेवा, थोडं पाणी येणारच. स्प्रिंग आणि रबर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो घ्या. रबर आणि डबा जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा खर सुटत नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, टाकून अर्धा तास भिजवा आणि साध्या पाण्याने धुवा. रबराची कड बोटाने फिरवून तपासा. चीर किंवा खाच लागली तर रबर बदला, नाहीतर वॉश चालू असताना पाणी सतत गळत राहील. गुळगुळीत व्हावं म्हणून खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ.

एवढं झालं की पट्टी परत अडकवा आणि पक्कडीशिवाय, दोन बोटांनी दांडी फिरते का बघा. फिरली तरच नवीन नॉब बसवा.

पक्कड_पाना

अगदी बरोबर, हे आधी यायला हवं होतं. एक भर घालतो: ड्रेनचा नॉब उलट फार सैल झाला आणि पाणीही जात नसेल तर पट्टी कॅमवरून निसटली आहे किंवा तुटली आहे. ती पट्टी सुटी मिळते. तारेने बांधून काम चालवू नका. तार लांबते, व्हॉल्व्ह अर्धाच उचलला जातो आणि पाणी जायला फार वेळ लागतो.

ओम_मीटर

स्पिनच्या नॉबकडे परत येतो, कारण दुरुस्त केलेला नॉब बसवताना एक चूक होते आणि ती धोक्याची आहे.

हा टायमर चावीच्या घड्याळासारखा चालतो. तुम्ही नॉब फिरवता तेव्हा स्प्रिंगला चावी बसते, मग तीच स्प्रिंग नॉबला हळूहळू शून्यावर परत आणते. ती स्प्रिंग नाजूक असते. नॉब खालपर्यंत दाबून बसवला आणि त्याची कड पॅनेलला टेकली, किंवा नळीभोवती भरलेलं एम-सील पॅनेलच्या भोकाला घासलं, तर नॉब मधेच अडकतो. दीड मिनिटावर अडकला तर स्पिनर दीड मिनिटावरच फिरत राहतो, कुणी बंद करेपर्यंत. मोटर तापते.

म्हणून नॉब आणि पॅनेल यांच्यात एक ते दीड मिमी फट हवीच. बसवताना जुन्या एटीएम कार्डासारखी दोन प्लास्टिकची कार्डं नॉबखाली सरकवा, नॉब त्यांवर टेकेपर्यंत दाबा, कार्डं ओढून काढा. कार्डाची जाडी पाऊण मिमीच्या आसपास असते, म्हणून दोन कार्डं ठेवली की अंतर बरोबर येतं. नळीचं भोक खोल असल्यामुळे नॉब परत खाली सरकत असेल तर भोकाच्या तळाशी एम-सीलचा छोटा गोळा टाकून खोली कमी करा.

मग प्लग न लावता तपासा. टायमर पूर्ण पाच मिनिटं फिरवा आणि मोबाइलवर वेळ लावा. टिकटिक एकसारखी ऐकू यायला हवी आणि नॉब कुठेही न थांबता शून्यावर यायला हवा. एकदा नॉबसह, एकदा नॉब काढून, अशी दोनदा वेळ मोजा. दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या तर घासत नाही. नॉबसह जास्त लागत असेल तर कड कुठे घासते ते शोधून तेवढी पॉलिश पेपरने कमी करा. वॉश टायमरलाही हीच परीक्षा, फक्त पंधरा मिनिटांची.

नॉब दांडीवर किंचित डुलत असेल, म्हणजे क्लिप हरवली असेल, तर कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून ४ मिमी रुंद पट्टी कापा. तो पत्रा एक दशांश मिमी जाडीचा असतो. दांडीच्या सपाट बाजूवर एक पदर ठेवून नॉब दाबा. लागला तर दुसरा पदर. पट्टीचं टोक पॅनेलच्या आत लोंबू देऊ नका.

व्हर्नियर

थ्रीडी प्रिंटवर नॉब करून घेणाऱ्यांसाठी. मोठ्या शहरांत ही सोय सहज मिळते आणि जुन्या मशीनला उत्तम आहे. पीएलए हे प्लास्टिक नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हात असलेल्या मशीनच्या काळ्या नॉबला ते झेपत नाही. पीईटीजी किंवा एबीएस सांगा. आत पोकळ जाळी नको, नळीचा भाग तरी पूर्ण भरीव हवा. भिंत निदान ३ मिमी. डीचं भोक दोन्ही मापांत ०.२ मिमी मोठं ठेवा, छपाईत भोक आकसतं. डीच्या आतल्या कोपऱ्यांना अगदी लहान गोलाई द्या, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. दांडीची कड अडत असेल तर तिथे कानशीचा एक हात पुरतो.

मागचा_व्हरांडा

मागचं झाकण काढलं. पट्टी अडकत वर येत होती. व्हॉल्व्हच्या डब्यात खर आणि एक सेफ्टी पिन निघाली. साफ केल्यावर दांडी दोन बोटांनी फिरते. स्पिनच्या नॉबला तार आणि एम-सील करून ठेवलं आहे, उद्या बसवेन. एक शंका: समजा नॉब बसवल्यावर टायमर टिकटिकतोय पण स्पिनर फिरत नाही, तर टायमर बिघडला असं समजायचं का?

ओम_मीटर

लगेच नाही. स्पिनच्या टायमरला बहुतेक मशीनमध्ये दोनच तारा असतात आणि त्याच वाटेवर स्पिनरच्या झाकणाचा खटका असतो. झाकण नीट बसलं नाही, खटक्याची पत्ती वाकली, तर टायमर चांगला असूनही मोटरला वीज जात नाही. झाकण दाबून खटक्याचा आवाज येतो का ऐका. झाकणाबरोबरच ब्रेकची तारही सुटते, ती अडकली असेल तर मोटर गुणगुणते पण फिरत नाही.

तरीही शंका राहिली तर प्लग काढा, टायमरची एक तार सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन टर्मिनलवर लावा. नॉब शून्यावर असताना मीटर गप्प हवा, फिरवल्यावर वाजायला हवा आणि शून्यावर परत येताच पुन्हा गप्प. फिरवूनही वाजला नाही तर आतले पॉइंट (एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या पत्त्या) जळलेत, टायमर बदला. शून्यावरही वाजतच राहिला तर पॉइंट एकमेकांना चिकटलेत. तेव्हा टायमर बदलेपर्यंत स्पिनर वापरू नका.

टायमर बदलताना स्पिनच्या दोन तारांचं अवघड नाही. वॉश टायमरला मात्र पाच ते सात तारा असतात, कारण मोटर एकदा उजवीकडे, थोडं थांबून डावीकडे फिरवायचं काम त्याच्याच आत होतं. रंगांवर विसंबू नका, नव्या टायमरचे रंग जुन्यासारखे असतीलच असं नाही. दोन्ही टायमर शेजारी धरून एकेक तार जुन्यावरून काढून नव्याच्या त्याच जागेवर लावत जा. सगळ्या तारा एकदम सोडवल्या की फोटो असूनही गोंधळ होतो.